वेबकॅमवर हेड ट्रॅकिंग आणि आय ट्रॅकिंग : जोडणी, थरथर, लॅग आणि बाकीच्या अडचणी

मुळशीकर

नमस्कार मंडळी. युरो ट्रक सिम्युलेटर २ आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० हे दोन खेळ मी खेळतो. चौकात ट्रक उभा केला की डावी-उजवीकडे बघायला माउस धरावा लागतो आणि तेवढा वेळ स्टिअरिंगवर एकच हात राहतो. म्हणून ओपनट्रॅक उतरवून घेतलं, म्हणजे कॅमेऱ्याने डोक्याचा माग घेऊन खेळातलं दृश्य फिरवणारं सॉफ्टवेअर. वेगळं उपकरण सध्या घ्यायचं नाहीये, लॅपटॉपचा कॅमेरा आहे तोच वापरायचा आहे.

सध्याची जोडणी अशी: इनपुटला न्यूरलनेट ट्रॅकर (चेहऱ्यावरून मानेचा कोन काढतो), आउटपुटला फ्रीट्रॅक २.० एन्हान्स्ड (तो कोन खेळाला पोहोचवतो), फिल्टर अ‍ॅक्सेला (थरथर गाळतो). स्टार्ट दाबलं की तो गुलाबी ऑक्टोपस माझ्या डोक्याबरोबर हलतो, म्हणजे माग लागतोय. दुपारी खिडकीच्या उजेडात ठीक चालतं. रात्री मात्र सरळ समोर बघत असतानाही केबिन सतत थरथरते, मान वळवली की चित्र मागाहून येतं, आणि मान जरा जास्त वळली की दृश्य उडी मारून भलतीकडेच जातं. स्मूदिंग वाढवलं तर थरथर कमी होते, पण लॅग इतका वाढतो की डोकं जड व्हायला लागतं.

दुसरा प्रश्न: मान वळवण्यापेक्षा थेट नजरेचा माग घेणारं सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर नीट चालतं का? व्हिडिओंमध्ये तर सगळं लोण्यासारखं दिसतं.


रनवे२७

स्मूदिंगला हात लावायच्या आधी दोन गोष्टी सांगा. न्यूरलनेटच्या सेटिंगच्या विंडोत एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम येतात त्याचा आकडा दिसतो, तो रात्री किती असतो? आणि खोलीत उजेड कुठून येतो?


मुळशीकर

आता बघितलं. दुपारी ३० असतो, रात्री १५च्या आसपास. ट्यूबलाइट माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. वर पंखा चालू असतो. समोर फक्त मॉनिटरचा उजेड.


रनवे२७

मग अर्धं निदान झालं. वेबकॅमच्या ट्रॅकिंगमध्ये दहापैकी आठ तक्रारी उजेडाच्या असतात आणि लोक मात्र फिल्टरच्या पट्ट्या सरकवत बसतात. जरा सविस्तर लिहितो, इतरांनाही उपयोग होईल.

कॅमेऱ्याला उजेड कमी पडला की ऑटो एक्सपोजर प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतं. ३० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला ३३ मिलिसेकंद येतात. कॅमेऱ्याने एक्सपोजरच ६६ मिलिसेकंद केलं तर एफपीएस आपोआप १५ वर येतो, शिवाय मान हलताना चेहरा फरकटल्यासारखा धूसर दिसतो. त्या धूसर चेहऱ्यावरून न्यूरल नेटवर्कला कोन काढायचा असतो. त्याचा अंदाज दर फ्रेमला थोडा थोडा बदलतो, तीच तुमची थरथर. लॅगचं मूळही तेच.

ओपनट्रॅकमध्ये न्यूरलनेटच्या सेटिंगमधून कॅमेरा सेटिंग उघडा. विंडोजची जुनी, दोन टॅबवाली विंडो येईल. कॅमेरा कंट्रोलच्या टॅबमध्ये एक्सपोजरसमोरची ऑटोची खूण काढा. तिथले आकडे उणे असतात आणि ते दोनाचे घात आहेत: -४ म्हणजे एक भागिले १६ सेकंद, -५ म्हणजे एक भागिले ३२, -६ म्हणजे एक भागिले ६४. ३० एफपीएस हवे असतील तर -५ च्या वर जाता येत नाही. शक्यतो -६ ठेवा. लो लाइट कॉम्पेन्सेशन नावाची खूण दिसली तर तीही काढा, अंधारात एफपीएस पाडण्याचं काम बहुधा तीच करते.

असं केलं की चित्र काळोखं दिसेल. तिथे गेन (चित्र कृत्रिमपणे उजळणारी पट्टी) वाढवू नका, दिवा आणा. अभ्यासाच्या टेबलावरचा साधा एलईडी दिवा मॉनिटरच्या बाजूला, चेहऱ्यापासून साधारण ४५ अंशांवर ठेवा. थेट डोळ्यांवर नको, समोरच्या भिंतीवर मारून परतलेला उजेड सगळ्यात चांगला. पाठीमागची ट्यूब बंद करा. ती चालू असते तेव्हा कॅमेरा तिच्या हिशेबाने एक्सपोजर धरतो आणि तुमचा चेहरा सावलीत जातो.

आता दुसरा टॅब. त्यात पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी किंवा अँटी फ्लिकर असं काही असेल. ते ५० हर्ट्झवर हवं. कित्येक कॅमेरे ६० वर ठेवलेले असतात, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. एक्सपोजर एक भागिले ६० असेल तर त्यात दिव्याच्या पावणेदोनच्या आसपास लहरी बसतात, पूर्ण बसत नाहीत, म्हणून एक फ्रेम उजळ, पुढची काळपट. एक भागिले ५० किंवा १०० धरलं की पूर्ण लहरी बसतात आणि फ्रेमचा उजेड सारखा राहतो. हाताने बसवलेल्या एक्सपोजरला नेमका हा आकडा मिळतोच असं नाही, म्हणून ज्याचा ड्रायव्हर चांगला आहे असा, न लुकलुकणारा दिवा निवडणं जास्त महत्त्वाचं. दिवा ओळखायची सोपी खूण: फोनचा कॅमेरा त्याच्याकडे धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा ट्रॅकिंगला नको.

आणि पंखा. दिवा पंख्याच्या वर किंवा बाजूला असेल तर पात्यांची सावली चेहऱ्यावरून फिरते. आपल्या डोळ्याला सवय झालेली असते, कॅमेऱ्याला नसते.


घाटमाथा

+१. पंख्याचं माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. आज रात्रीच बघतो.


कोड_कोकण

रनवे२७ यांनी उजेडाचं फार छान सांगितलंय. मी एक भर घालतो. बरेच जण 'जास्त रेझोल्यूशन म्हणजे जास्त अचूक' असं धरून ७२०पी किंवा १०८०पी निवडतात. इथे उलटं होतं. यूएसबी २ वर १२८० बाय ७२० चं कच्चं, न दाबलेलं चित्र ३० एफपीएसने पाठवायचं तर सेकंदाला साधारण ५५ मेगाबाइट लागतात, आणि यूएसबी २ मधून प्रत्यक्षात तेवढे जात नाहीत. मग कॅमेरा गुपचूप १० एफपीएसवर येतो. ६४० बाय ४८० ला हाच हिशेब १८ मेगाबाइटच्या आसपास येतो, तो आरामात जातो. जास्त रेझोल्यूशन हवंच असेल तर एमजेपेग, म्हणजे दाबलेलं चित्र निवडा. पण न्यूरलनेट ट्रॅकर चेहऱ्याचा तुकडा कापून लहान करूनच वापरतो, त्यामुळे ६४० बाय ४८० पुरतं.

प्रोसेसरकडेही बघा. हे नेटवर्क सीपीयूवर चालतं. चार कोअरच्या लॅपटॉपवर फ्लाइट सिम आधीच सगळे कोअर खात असतो, त्यात ट्रॅकरही कोअर मागतो. खेळात एफपीएसला मर्यादा घाला. ३० किंवा ४० वर बांधून टाकला तर ट्रॅकरला श्वास घ्यायला जागा मिळते. ट्रॅकरचे थ्रेडही एक-दोनच ठेवा.


मुळशीकर

दोघांचेही आभार. टेबललॅम्प डावीकडे भिंतीकडे तोंड करून ठेवला, मागची ट्यूब बंद, एक्सपोजर -६, फ्रिक्वेन्सी ५०. रात्री ३० एफपीएस मिळतात आणि थरथर जवळपास गेली. आता मान किती वळली की दृश्य किती वळावं ते ठरवणाऱ्या कर्व्हचं सांगा. मान वळली की दृश्य उडी मारतं ते अजून आहे.


रनवे२७

उडीचं कारण वेगळं. मान खूप वळली की एक डोळा आणि गालाची एक बाजू कॅमेऱ्याला दिसेनाशी होते आणि नेटवर्क अंदाज बांधायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे तेवढी मान वळवायची वेळच येऊ न देणं. तुमचे डोळे मॉनिटरवर राहायला हवेत, म्हणजे प्रत्यक्षात मान २०-२५ अंशांच्या पुढे नेऊन उपयोगच नाही. त्या २० अंशांचे खेळात १२० अंश करायचे.

मॅपिंगमध्ये यॉ (मान डावी-उजवीकडे वळणं) निवडा. आडवी रेघ तुमच्या मानेचा कोन, उभी खेळातला कोन. क्लिक करून बिंदू टाकता येतो, राइट क्लिकने काढता येतो. सुरुवात सपाट ठेवा: पहिल्या ३-४ अंशांपर्यंत दृश्य जवळजवळ हलू नये, म्हणजे समोर रस्ता किंवा इन्स्ट्रुमेंट बघताना केबिन स्थिर राहते. मग हळूहळू चढ आणि १२ अंशांनंतर जोरात चढ. कर्व्हला कुठे टोकदार कोपरा ठेवू नका, तिथे दृश्याला हिसका बसतो.

पिचसाठी (मान वर-खाली होणं) असिमेट्रिक मॅपिंगची खूण लावा. खाली बघताना आणि वर बघताना लागणारा पल्ला वेगळा असतो. विमानात खाली पॅनल बघायला थोडं पुरतं, वर ओव्हरहेड पॅनलला जास्त लागतं. लॅपटॉपचा कॅमेरा चेहऱ्याच्या खाली असेल तर मान वर केली की त्याला फक्त हनुवटी दिसते. लॅपटॉपखाली दोन-चार जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणा.

सुरुवातीला रोल (मान खांद्याकडे कलणं) आणि झेड (डोकं पुढे-मागे होणं) दोन्ही सपाट करून टाका. माणूस मान वळवताना नकळत ती थोडी कलतीही करतो, आणि खेळातलं क्षितिज तिरकं झालं की पोटात ढवळतं. यॉ-पिच हातात बसले की मग झेड थोडा द्या, पुढे झुकून इन्स्ट्रुमेंट वाचायला फार मजा येते.

अ‍ॅक्सेलामध्ये रोटेशनचा डेडझोन (ज्याच्या आतली हालचाल धरली जात नाही तो पट्टा) अगदी थोडा आणि स्मूदिंग थरथर दिसेनाशी होईल इतकंच. आता उजेड नीट आहे, तेव्हा आधीपेक्षा बरंच कमी लागेल.

सेंटरची कळ जॉयस्टिक किंवा स्टिअरिंगच्या बटणावर बसवा. खुर्चीत सरकून बसलं की मध्य हलतोच, दर थोड्या वेळाने एकदा दाबायची सवय लावा. खेळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर ओपनट्रॅकही तसंच चालवा, नाहीतर खेळात असताना ही कळ लागत नाही.

ह्या सगळ्याचं चीज कुठे होतं ते सांगतो. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीला डाव्या सर्किटने छोटं सेसना उतरवून बघा. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने उडताना, धावपट्टी डाव्या पंखाकडे ठेवायची, तिचं टोक मागे ४५ अंशांवर गेलं की बेसला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्याला वळायचं. माउसने किंवा हॅट स्विचने (जॉयस्टिकवरची नजर फिरवायची छोटी कळ) हे करताना एकदा डावीकडे, एकदा समोर, असं तुटक बघावं लागतं. हेड ट्रॅकिंगने वळणभर धावपट्टी नजरेत राहते, उंचीचा अंदाज आपोआप येतो. एकदा असं उतरल्यावर परत हॅट स्विचकडे जावंसं वाटत नाही.


नेत्रपल्लवी

माझा चष्मा आहे आणि भिंग जाड आहे. रात्री मॉनिटरचं प्रतिबिंब भिंगावर पडतं तेव्हा ट्रॅकिंग बिघडतं. चष्मा काढून खेळणं शक्य नाही. काही उपाय?


कोड_कोकण

हेड ट्रॅकिंगला चष्म्याने फारसं अडत नाही, कारण नाक, जबडा, कपाळ हे सगळं मिळून कोन ठरतो. नजरेच्या ट्रॅकिंगला मात्र अडतं. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करा आणि बाजूच्या दिव्याचा वाढवा, म्हणजे भिंगातलं मॉनिटरचं प्रतिबिंब त्या मानाने फिकं पडतं. दिवा कॅमेऱ्याच्या रेषेत ठेवू नका, बाजूला आणि थोडा वर ठेवा. मॉनिटर थोडा मागे कलता केला तरी प्रतिबिंब भिंगावरून सरकतं. कॅलिब्रेशन मात्र चष्मा घालूनच करा, आणि बाकी वेळी दुसरा चष्मा वापरत असाल तर त्याचं वेगळं प्रोफाइल ठेवा.

मुळशीकरांचा दुसरा प्रश्न राहिलाय, नजरेचा. त्याबद्दल मला मनापासून लिहायचं होतं, कारण इथे लोकांची अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत मोठं अंतर आहे.

नजरेचा माग घेणारी टोबीसारखी खास उपकरणं डोळ्यांवर इन्फ्रारेड उजेड टाकतात. त्या उजेडाचा एक बारीक चमकता ठिपका बुबुळावर, म्हणजे कॉर्नियावर उमटतो. बाहुलीचा मध्य आणि तो ठिपका यांतल्या अंतरावरून नजर कुठे आहे ते भूमितीने काढता येतं. साध्या वेबकॅमकडे तो ठिपकाही नाही आणि इन्फ्रारेडही नाही. त्याला दिसतो तो डोळ्यांचा काही डझन पिक्सेलचा तुकडा आणि चेहऱ्याचा कोन. त्यावरून नेटवर्क अंदाज करतं.

हा अंदाज किती चांगला? २०१६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठ, एमआयटी आणि जर्मनीतली मॅक्स प्लांक संस्था यांच्या संशोधकांनी १४५० पेक्षा जास्त लोकांकडून जवळपास २५ लाख फ्रेम गोळा करून असं नेटवर्क शिकवलं. कॅलिब्रेशननंतर त्याची चूक फोनवर १.३४ सेंटिमीटर आणि टॅबलेटवर २.१२ सेंटिमीटर होती. मॉनिटर टॅबलेटपेक्षा लांब असतो, त्यामुळे तिथे चूक आणखी वाढते. ६० सेंटिमीटरवरून १ अंश म्हणजे पडद्यावर साधारण १ सेंटिमीटर. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १ सेंटिमीटरला ३६ पिक्सेल बसतात. म्हणजे चूक ३ अंशांची धरली तरी ती शंभराहून जास्त पिक्सेलची झाली. विंडोजच्या बंद करायच्या फुलीवर नेम धरायला हे कधीच पुरणार नाही.

आणि डोळा स्थिरही नसतो. तो सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, दोन उड्यांच्या मध्ये साधारण पाव सेकंद थांबतो. ३० एफपीएसचा कॅमेरा त्या थांब्यात सात-आठ फ्रेम पकडतो. त्यांची सरासरी घेऊन ठिपका स्थिर करायचा तर तेवढा उशीर आलाच. वेबकॅमवर नजरेचा ठिपका तरंगत्या बुडबुड्यासारखा फिरतो तो ह्यामुळे, सॉफ्टवेअर वाईट असल्यामुळे नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वेबकॅमवर मुख्य काम हेड ट्रॅकिंगला द्या. नजर फक्त ढोबळ कामाला वापरा: डावीकडच्या तिसऱ्या भागात बघतोय की उजवीकडच्या, कडेला बघितलं की कॅमेरा थोडा तिकडे सरकावा, एवढंच. स्टीमवर मिळणारा बीम आय ट्रॅकर, जो स्वित्झर्लंडच्या आयवेअर कंपनीचा आहे, तो साध्या वेबकॅमवर डोकं आणि नजर दोन्हींचा माग घेतो. तो घेतलात तर डोक्याचा आणि नजरेचा वाटा वेगवेगळा ठरवा आणि नजरेचा वाटा कमीच ठेवा.

एक बारकावा. मॉनिटरच्या वर बसवलेल्या कॅमेऱ्याला तुम्ही पडद्याच्या खालच्या भागात बघता तेव्हा वरची पापणी बुबुळावर उतरलेली दिसते, म्हणून खालच्या भागात उभी चूक वाढते. टोबीची पट्टी मॉनिटरच्या खाली लावतात त्याचं हेही एक कारण. सुट्टा वेबकॅम असेल तर तो मॉनिटरखाली छोट्या ट्रायपॉडवर ठेवून बघा, नजरेच्या ट्रॅकिंगला फरक पडतो.


सह्यसखा

इतका त्रास कशाला? सरळ इन्फ्रारेडवर जा. टोपीला तीन इन्फ्रारेड एलईडींची क्लिप आणि ओपनट्रॅकचा पॉइंटट्रॅकर, विषय संपला. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एलईडी, रेझिस्टर, वायर सगळं मिळतं. तीन एलईडी एका ओळीत, यूएसबीचे ५ व्होल्ट, मध्ये रेझिस्टर. त्याची किंमत एलईडीच्या डेटाशीटवरचा करंट बघून काढायची. कॅमेऱ्याच्या भिंगामागची इन्फ्रारेड अडवणारी छोटी काच काढायची आणि जुन्या फ्लॉपी डिस्कच्या आतली काळी चकती कापून भिंगासमोर लावायची. साधा उजेड अडतो, इन्फ्रारेड आत येतो. कॅमेऱ्याला काळ्या पडद्यावर फक्त तीन पांढरे ठिपके दिसतात. खोलीत ट्यूब असो की अंधार, काही फरक नाही. सेकंडहँड पीएस३ आय कॅमेरा मिळाला तर ६४० बाय ४८० ला ६० एफपीएस मिळतात.


रनवे२७

सह्यसखा, अचूकतेच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. तीन ठिपक्यांचा कोन काढणं नेटवर्कच्या अंदाजापेक्षा कितीतरी पक्कं आहे. फक्त लॅपटॉपच्या आतल्या कॅमेऱ्याची काच कुणी काढायला जाऊ नये, आणि हे काम सुट्ट्या, स्वस्त वेबकॅमवरच करावं. त्या कॅमेऱ्यावर नंतर व्हिडिओ कॉल केला तर रंग गुलाबी-जांभळे दिसतात. ज्यांना सोल्डरिंग जमतं त्यांनी जरूर करावं, ज्यांना नाही त्यांना ओपनट्रॅकमध्ये अरुको नावाचा ट्रॅकरही आहे. कागदावर छापलेली काळी-पांढरी चौकट टोपीला लावायची, बस्स.


पेंग्विनप्रेमी

लिनक्सवाल्यांसाठी: ओपनट्रॅक लिनक्सवर चालतं, आउटपुटला वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा थर) निवडलं की प्रोटॉनमधल्या, म्हणजे स्टीमच्या वाइनवर चालणाऱ्या खेळांना डेटा पोहोचवता येतो, पण खेळ ज्या प्रीफिक्समध्ये (वाइनच्या फोल्डरमध्ये) आहे तोच वाइनच्या सेटिंगमध्ये द्यावा लागतो. कॅमेऱ्याची ५० हर्ट्झची सेटिंग व्हीफोरएल युटिल्स पॅकेजमधून होते. कॅमेरा काढून पुन्हा लावला की ती बऱ्याचदा मूळ जागी जाते, तेव्हा एक छोटी स्क्रिप्ट करून ठेवा.


घाटमाथा

फोनचा कॅमेरा वापरता येईल का? माझ्या डेस्कटॉपला वेबकॅमच नाही.


कोड_कोकण

दोन वाटा आहेत. ड्रॉइडकॅम किंवा इरियनने फोनचं चित्र पीसीवर वेबकॅम म्हणून आणायचं आणि पुढे सगळं वरच्यासारखं. नाहीतर स्मूदट्रॅकसारखं अ‍ॅप, ज्यात चेहऱ्याचा हिशेब फोनच करतो आणि फक्त सहा आकडे पीसीला पाठवतो. तेव्हा ओपनट्रॅकच्या इनपुटला यूडीपी निवडा, पोर्ट ४२४२. काहीच हललं नाही तर आधी विंडोजचा फायरवॉल बघा, ओपनट्रॅकला प्रायव्हेट नेटवर्कवर परवानगी हवी. फोन आणि पीसी एकाच राउटरवर हवेत. वाय-फायवर मधूनमधून अडकत असेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. दुसऱ्या वाटेत पीसीच्या प्रोसेसरवर भार पडत नाही, म्हणून जुन्या पीसीला मी तीच सुचवेन.


सुमेधा_ताम्हणकर

मी खेळत नाही, पण हा धागा माझ्या धाकट्या भावासाठी वाचतेय. अपघातात त्याच्या मानेच्या मणक्याला इजा झाली, दोन्ही हात चालत नाहीत. मान डावी-उजवी आणि थोडी वर-खाली हलते. आधी तो बुद्धिबळ आणि स्ट्रॅटेजीचे खेळ खूप खेळायचा. त्याला वेबकॅमवर काही करता येईल का? एका दुकानदाराने फार महागडं उपकरणच घ्यावं लागेल असं सांगितलं.


कोड_कोकण

सुमेधाताई, नक्की करता येईल, आणि सुरुवात एक पैसा न घालता करता येईल.

त्याची मान हलते ही मोठी गोष्ट आहे. नजरेच्या मागे न लागता मानेने माउस चालवण्यापासून सुरुवात करा. बोस्टन कॉलेजने अपंग व्यक्तींसाठीच बनवलेलं कॅमेरा माउस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात नाकाचं टोक किंवा भुवई असा एक बिंदू निवडायचा, तो हलेल तसा पॉइंटर हलतो. पॉइंटर एका जागी ठरावीक वेळ थांबला की आपोआप क्लिक होतं, त्याला ड्वेल क्लिक म्हणतात. इव्हायाकॅम हेही असंच मोफत आणि मुक्त स्रोत आहे.

तिसरं म्हणजे गुगलचं प्रोजेक्ट गेमफेस. २०२३ मध्ये गुगलने ते लान्स कार ह्या अमेरिकन गेमरबरोबर तयार केलं. स्नायूंच्या आजारामुळे त्यांच्या हातापायांची हालचाल जवळपास बंद आहे आणि त्यांची डोक्याने चालणारी गेमिंगची सामग्री घराला लागलेल्या आगीत गेली होती. गेमफेसमध्ये डोक्याने पॉइंटर हलतो आणि चेहऱ्याच्या हावभावांनी क्लिक होतं: भुवया उंचावल्या की एक कळ, तोंड उघडलं की दुसरी. कोणता हावभाव किती ठळक केला की धरायचा, तेही ठरवता येतं. तुमच्या भावाला ड्वेलपेक्षा हे आवडेल असं मला वाटतं, कारण ड्वेलमध्ये नुसतं विचार करत बसलं तरी क्लिक होऊन जातं.

बुद्धिबळाला नुसती नजर पुरेल का हेही मोजून सांगतो. २४ इंची मॉनिटरवर पट पूर्ण उंचीचा केला तर एक घर साधारण पावणेचार सेंटिमीटरचं होतं. वेबकॅमच्या नजरेची चूक ३ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे घराच्या मध्यावर बघितलं तरी शेजारच्या घरावर क्लिक जाणार. मानेच्या पॉइंटरला तो प्रश्न नाही. सोंगटी ओढण्याऐवजी आधी सोंगटीवर, मग घरावर क्लिक अशी सेटिंग ठेवा. घड्याळ नसलेले किंवा लांब वेळेचे डाव लावा. स्ट्रॅटेजीत पाळीपाळीने चालणारे खेळ घ्या.

पुढे मागे मानेला थकवा यायला लागला तर इन्फ्रारेडचं उपकरण आणि ऑप्टिकी हे मोफत सॉफ्टवेअर मिळून डोळ्यांनी टायपिंगही करता येतं. घरात आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर आयओएस १८ पासून नजरेचं ट्रॅकिंग आतच दिलेलं आहे. फोन स्टँडवर पक्का, चेहऱ्यापासून दीड फुटावर ठेवायचा. रोज किती वेळ आणि मान किती वळवायची ते त्याच्या फिजिओथेरपिस्टना विचारून ठरवा, ही अट मात्र सोडू नका.


रनवे२७

ताई, एक सुचवतो. सेन्सिटिव्हिटी सुरुवातीला बरीच जास्त ठेवा, म्हणजे थोड्याशा मानेने पूर्ण पडदा पार होईल. वरचं उजेडाचं सगळं इथेही तसंच लागू आहे. तो पलंगावर किंवा मागे कलत्या खुर्चीत बसत असेल तर कॅमेराही तेवढाच कलता करून चेहऱ्याच्या बरोबर समोर आणा. पुण्याजवळ असाल तर मला निरोप पाठवा, मी येऊन बसवून देईन.


नेत्रपल्लवी

अँटी-चीट, म्हणजे फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर असलेल्या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात हे चालतं का? बंदी वगैरे?


पेंग्विनप्रेमी

ट्रॅकआयआर (हेड ट्रॅकिंगचं विकत मिळणारं उपकरण) ज्या खेळात अधिकृतपणे चालतं, जसं आर्मा ३ किंवा डीसीएस, तिथे फ्रीट्रॅकच्या आउटपुटने चिंता नाही. आर्मामध्ये कंट्रोलर्सच्या यादीत ते सुरू करावं लागतं एवढंच. पण ज्या स्पर्धात्मक खेळात हेड ट्रॅकिंगची सोयच नाही, तिथे माउस एम्युलेशनने घुसवू नका. अँटी-चीटला ते संशयास्पद वाटू शकतं. आधी त्या खेळाचे नियम वाचा.


मुळशीकर

काल रात्री ब्रिटनमधल्या राउंडअबाउटवरून ट्रक नेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. रनवे२७ यांचा सपाट सुरुवातीचा कर्व्ह अगदी चपखल बसला. एकच अडचण: कधी कधी खेळ सुरू केल्यावर ट्रॅकिंग लागतच नाही, ऑक्टोपस मात्र हलत असतो.


रनवे२७

क्रम बघा. बरेच खेळ सुरू होतानाच ट्रॅकर शोधतात, म्हणून आधी ओपनट्रॅकमध्ये स्टार्ट, मग खेळ. ऑक्टोपसही हलत नसेल तर मागे कुठलं मीटिंगचं अ‍ॅप किंवा ओबीएससारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कॅमेरा धरून बसलंय का ते बघा, आणि विंडोजच्या प्रायव्हसीमध्ये डेस्कटॉप अ‍ॅपना कॅमेऱ्याची परवानगी आहे ना तेही. ट्रक आणि विमान यांची प्रोफाइल वेगळी सेव्ह करा. ट्रकला यॉ कमी आणि आरशांपुरता पुरतो, विमानाला पूर्ण मागेपर्यंत लागतो.


सुमेधा_ताम्हणकर

गेमफेस बसवलं. भुवयांचं क्लिक त्याला लगेच जमलं, तोंड उघडण्याचं मात्र बोलताना आपोआप लागतं. काल त्याने माझ्याशी एक पूर्ण डाव खेळला आणि मला हरवलं. ते तोंडाचं क्लिक कसं थांबवायचं?


कोड_कोकण

अरे वा, फार आनंद झाला! सेटिंगमध्ये त्या हावभावाची मर्यादा वर न्या, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्याशिवाय धरलं जाणार नाही. तरी लागत असेल तर तो हावभाव काढूनच टाका आणि राइट क्लिक दुसऱ्या कशाला द्या, ओठ एका बाजूला नेणं हा चांगला पर्याय आहे, बोलताना तो सहसा होत नाही. बुद्धिबळाला तसं लेफ्ट क्लिकच पुरतं. त्याला विचारा, इथे यायचं असेल तर आयडी काढून द्या, माझ्याशीही एक डाव होऊन जाऊ दे.